दात पडले, आता पुढे काय?
कवळी, ब्रिज की इम्प्लांट : पैसे भरण्याआधी एवढं वाचून घ्या



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की कारणं आपल्या ओळखीची असतात. बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी, पोरीचं लग्न. "मला दात बसवायचे आहेत, कर्ज द्या," असं म्हणणारी ताई क्वचितच दिसते. "कायले पैसे घालवाचे, आता कोणाले दाखवाचे हायेत दात," असं म्हणून ती स्वतःच विषय मिटवते. मग भाकर दुधात नाहीतर चहात कुस्करून खाते आणि हसताना तोंडावर पदर धरते.

पण दात काही नुसते दाखवायला नसतात. दाढा गेल्या की ताटातून आधी काय कमी होतं ते बघा : हरभऱ्याची उसळ, फुटाणे, शेंगदाणे, काकडी, गाजर, पेरू, मटण. राहतं काय? मऊ भात, चहा-बिस्किट, पातळ कढी. पोट भरतं, पण अंगात ताकद आणणारं खाणं मागे पडतं. शुगर असेल तर हा मऊ भात आणि बिस्किटं आणखी त्रास देतात. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे ना, त्यात तोंडही येतं.

आता दात बसवायचे म्हटलं की चार जणी चार गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं कवळी घ्या, कोणी म्हणतं पक्के बसवा, कोणी म्हणतं स्क्रूचे बसवा. यातलं तुम्हाला काय जुळतं हे शेजारणीच्या तोंडावरून ठरत नाही. तुमच्या तोंडात काय उरलं आहे, तुम्हाला किती फेऱ्या करणं जमतं आणि किती पैसा उभा करता येतो, यावरून ते ठरतं.

सगळे दात बसवलेच पाहिजेत का?

नाही. मोठ्या माणसाला अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. त्यातले साधारण २० दात मजबूत असतील आणि वरचे-खालचे एकमेकांवर टेकत असतील, तर बहुतेक सगळं खाणं चावता येतं. जपानमध्ये १९८९ पासून '८०-२०' नावाची मोहीम चालते. वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात तोंडात असावेत, एवढंच तिचं सांगणं. म्हणून अगदी मागची एक दाढ गेली आणि बाकी खाणं नीट होत असेल, तर डॉक्टरसुद्धा "राहू द्या" म्हणू शकतात.

मधला दात किंवा मधली दाढ गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एसटीच्या बाकावरून मधली बाई उठली की दोन्ही बाजूच्या जरा पसरून बसतात, तसंच दातांचं होतं. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. समोरच्या जबड्यातला दात टेकायला काही नाही म्हणून हळूहळू बाहेर येतो. फटीत अन्न अडकतं आणि चांगला दातही किडायला लागतो. पाच-सात वर्षांनी दात बसवायला गेलं तर जागाच अपुरी पडते. तेव्हा जागा रिकामी ठेवायची की भरायची, हे एकदा दाखवून ठरवा. नुसतं "पाहू पुढं" करत राहू नका.

उरलेले दात काढायची घाई नको

"चारच तर राहिले, तेही काढून टाका आणि एकदाची बत्तीशी बसवा," असा सल्ला घरोघरी मिळतो. इथे थांबा.

दाताचं मूळ हाडात असतं तोवर जबड्याचं ते हाड टिकतं. दात काढला की तिथलं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त झिजतं आणि पुढेही थोडं थोडं झिजतच राहतं. खालचा जबडा वरच्यापेक्षा जास्त झिजतो. वरच्या कवळीला सगळ्या टाळूचा आधार मिळतो, ती चिकटून बसते. खालच्या कवळीला फक्त हिरडीची नालासारखी पट्टी मिळते, आणि वरून जीभ तिला सारखी ढकलते. म्हणूनच "वरची बसली, पण खालची काही जमत नाही" असं म्हणणाऱ्या इतक्या बाया भेटतात.

खाली दोन चांगले दात उरले असतील तर ते सोन्यासारखे आहेत. त्यांना तार अडकवून बाकीचे दात बसवता येतात. कधी रूट कॅनल करून नुसती मुळं ठेवतात आणि त्यावर कवळी बसवतात, म्हणजे हाडही टिकतं. फार हलणारा किंवा पू येणारा दात काढावा लागतो, त्यात वाद नाही. पण प्रत्येक दात काढण्याआधी डॉक्टरला विचारा, "हा वाचतो का?" हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

चार वाटा

१. काढता-घालता येणारे थोडे दात. काही दात शिल्लक असतील तेव्हा हे बसवतात. गुलाबी प्लास्टिकच्या पट्टीवर दात असतात आणि तारेने ते शेजारच्या दातांना अडकतात. सगळ्यात कमी खर्चाची वाट हीच. चांगले दात घासावे लागत नाहीत. पुढे आणखी एखादा दात पडला तर बऱ्याच वेळा त्याच पट्टीत तो जोडता येतो. उणं एवढंच की तोंडात काहीतरी आहे असं वाटत राहतं आणि रोज काढून धुवावं लागतं.

२. पूर्ण कवळी. एकही दात उरला नसेल तेव्हा. चेहरा भरतो, बोलणं सुधारतं, मऊ ते मध्यम खाणं जमतं. पण खरं तेही सांगितलं पाहिजे. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव हिस्साच येतो. ऊस सोलणं, सुपारी फोडणं, कच्चा पेरू पुढच्या दाताने तोडणं तिच्याने होत नाही. हे आधी माहीत असलं की नंतर निराशा होत नाही.

३. ब्रिज. यालाच लोक 'पक्के दात' म्हणतात. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करतात आणि तिन्हींवर मिळून जोड-कॅप चिकटवतात. काढ-घाल नाही, चावणं छान, काम दोन-तीन फेऱ्यांत होतं. पण घासलेला चांगला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कॅपखाली कीड लागली तर सगळाच ब्रिज काढावा लागतो. शेजारचे दात हलत असतील तर ब्रिज करूच नये. पडक्या भिंतीवर तुळई ठेवल्यासारखं होतं.

४. इम्प्लांट. टायटॅनियम धातूचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला धरतं आणि मग त्यावर दात लावतात. स्वीडनमध्ये १९६५ साली माणसाच्या जबड्यात हे पहिल्यांदा झालं. शेजारचे दात घासावे लागत नाहीत आणि जोर चांगला येतो. पण हाड पुरेसं लागतं, स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि खर्च चौघांत सगळ्यात जास्त. शुगर ताब्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल तर इम्प्लांट न धरण्याचा धोका वाढतो. एक मधली वाटही आहे : खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवतात. खालची कवळी सारखी उचलत असेल आणि पैसा थोडा जमत असेल, तर याबद्दल जरूर विचारा.

मग कोणाला काय?

समजा, तुमचं वय ४० आहे आणि मधली एकच दाढ गेली आहे. शेजारच्या दोन्ही दाढा चांगल्या आहेत. अशा वेळी चांगल्या दाढा घासायच्या की इम्प्लांटसाठी पैसे साठवायचे, हा खरा प्रश्न असतो. शेजारच्या दाढा आधीच किडून भरलेल्या असतील तर त्यांनाही कॅप लागणारच, तिथे ब्रिज सोयीचा. हातात पैसा नसेल तर एका दाढेची काढता-घालता येणारी पट्टी जागा राखून ठेवते.

समजा, वय ५५ आहे, दाढा सगळ्या गेल्या, पुढचे सहा-सात दात आहेत. तिथे बहुतेक वेळा काढता-घालता येणारे दातच बरोबर पडतात. 'पक्के'चा हट्ट धरला तर पुढच्या दातांवर नको तेवढा भार येतो आणि तेही जातात.

समजा, वय ७० आहे आणि तोंड पूर्ण रिकामं आहे. तिथे कवळी. खालची फारच हलत असेल तर दोन इम्प्लांटचा आधार जमतो का बघायचा.

ही नुसती उदाहरणं आहेत. शेवटचं उत्तर एक्स-रे काढून, हिरड्या तपासून डॉक्टरच देतील. पण आपण काय विचारायचं हे माहीत असलं की उत्तरही नीट मिळतं.

नागपुरात कुठे जायचं?

नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९६८ पासून ते चालू आहे. रामटेक असो, उमरेड असो की काटोल, गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरून ऑटोवाल्याला "मेडिकलचं डेंटल" म्हटलं की तो नेतो. सकाळी लवकर पोचा. आधी केस पेपर, मग तपासणी विभाग, मग गरज असेल तिथे पाठवतात. दात काढण्याचा विभाग वेगळा आणि दात बसवण्याचा वेगळा. आधार कार्ड आणि रेशन कार्ड जवळ ठेवा, आणि आपल्याला काय सवलत मिळते हे केस पेपरच्या खिडकीवरच विचारा. शुगर-बीपीच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी ते सांगायलाच पाहिजे. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

याशिवाय हिंगणा रस्त्यावर डिगडोह आणि वानाडोंगरीला, तसंच वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्पा तपासला जातो.

फेऱ्यांचा हिशोब

एका पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या धरा : पहिलं माप, पक्कं माप, वरचा-खालचा जबडा जुळवणं, मेणावर दात लावून बघणं आणि कवळी देणं. त्यानंतर टोचतं-घासतं ते ठीक करायला एक-दोन फेऱ्या. दात काढायचे असतील तर त्या फेऱ्या वेगळ्या.

खर्च काढताना नुसती डॉक्टरची फी धरू नका. समजा, रोजी ३०० रुपये बुडते, जाण्या-येण्याचं भाडं १०० आणि चहा-नाश्ता ५०. एक फेरी ४५० रुपयांची झाली. आठ फेऱ्या म्हणजे ३,६०० रुपये. सोबत कोणी आलं तर आणखी. हा आकडा जवळच्या तालुक्याच्या दवाखान्याच्या फीशी ताडून बघा. कधी सरकारी स्वस्त पडतं, कधी जवळचं. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, तेही हिशोबात धरा.

हंगाम बघून बेत आखला तर रोजी कमी बुडते. दात काढल्यावर हिरडी भरून यायला साधारण दोन-तीन महिने द्यावे लागतात, मगच पक्कं माप घेतात. म्हणजे कापूस वेचणी सुरू होण्याआधी दात काढून घ्यायचे, वेचणीच्या दिवसांत हिरडी भरून येईल, आणि वेचणी संपली की मापाला जायचं. रोवणीवाल्या तायांनी रोवणीचे दिवस सोडून असाच बेत करावा.

"एका दिवसात पक्के दात"

रस्त्याच्या कडेला, बाजारात नाहीतर दारावर येऊन कोणी म्हणतो, "बाई, एका तासात फिक्स दात बसवून देतो." त्याच्यापासून दूर राहा. असे लोक तोंडातच प्लास्टिक ओततात आणि तारेने शेजारच्या दातांना कायमचं चिकटवतात. त्याखाली ब्रश जात नाही, अन्न सडतं, हिरडी सुजते आणि एका दातापायी शेजारचे तीन जातात. काही जण वरच्या कवळीला रबराची चकती लावतात, म्हणजे ती घट्ट चिकटते. ती चकती टाळूला ओढत राहते आणि वर्षानुवर्षं वापरली तर टाळूला भोकसुद्धा पडू शकतं.

कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या डॉक्टरलाच दातांचा इलाज करता येतो. दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे बी.डी.एस. किंवा एम.डी.एस. आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर विचारा. विचारल्याने राग येत असेल तर तो दवाखाना आपल्यासाठी नाही.

खर्रा, गुडाखू आणि दात

हे लिहिल्याशिवाय आपल्या भागातल्या दातांचा लेख पुरा होत नाही. खर्रा, तंबाखू, गुडाखू, नस यांनी हिरड्या खराब होतात. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडणंच कमी होतं. तोंड दोन बोटंच उघडत असेल तर माप घ्यायचा साचा आत जात नाही, मग कवळी बसवणार कशी? तोंड उघडणं कमी झालं असेल, तिखट लागलं की आग होत असेल, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दात बसवण्याची गोष्ट नंतर. आधी ते दाखवा. ते कॅन्सरकडे जाणारं असू शकतं आणि लवकर कळलं तर इलाज सोपा असतो.

मेणावर बघताना लाजू नका

कवळीच्या चौथ्या फेरीला दात मेणावर लावून तोंडात घालून दाखवतात. फार महत्त्वाची फेरी आहे ही. आरसा मागा. पदर बाजूला करा, हसून बघा. दात फार मोठे वाटतात का, रंग पांढराफटक वाटतो का, ओठ फुगल्यासारखा दिसतो का, 'सासू', 'फणस', 'शाळा' असे शब्द नीट येतात का, ते बघा. नको असेल ते तिथेच सांगा. एकदा कवळी पक्की झाली की दात हलवता येत नाहीत. "डॉक्टर रागावतील" म्हणून गप्प बसलं तर ती कवळी कपाटातल्या डबीत पडून राहते आणि पैसे वाया जातात.

कवळी घरी आल्यावर

पहिले काही दिवस लाळ सुटते, बोलणं अडखळतं. मऊ खाण्यापासून सुरुवात करा, लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. कुठे जखम झाली तर चाकूने, कानशीने घरी घासू नका, डॉक्टरला दाखवा. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरड्यांनाही विसावा लागतो. धुताना खाली पाणी भरलेलं टोपलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश आणि साबण वापरा. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. हिरड्या आणि जीभही रोज स्वच्छ करा. काही वर्षांनी हाड झिजून कवळी सैल होते. तेव्हा आतून अस्तर भरून घ्यावं लागतं, नाहीतर नवीन करावी लागते. एकदा बसवली की जन्मभराचं काम झालं, असं नसतं.

पैशाचं काय?

अंतर्गत कर्ज गरजेसाठीच असतं, आणि चावून खाता येणं ही गरजच आहे. समजा, गटातून १०,००० रुपये दरमहा दोन रुपये शेकडा व्याजाने घेतले आणि दहा महिने दरमहा १,००० मुद्दल फेडली. व्याज उरलेल्या रकमेवर लावलं तर एकूण १,१०० रुपये होतं. एक रुपया शेकडा असेल तर ५५० रुपये. सावकाराकडे किंवा दवाखान्यातल्या हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी हा आकडा शेजारी लिहून बघा.

कर्जाचा अर्ज करण्याआधी डॉक्टरकडून चार गोष्टी कागदावर लिहून आणा : कोणकोणते दात काढणार आणि का, काय बसवणार, एकूण खर्च आणि फेऱ्या किती, आणि तुटलं किंवा सैल झालं तर दुरुस्तीचं काय. तो कागद बैठकीत वाचा. सचिव ताईंनी तो अर्जाला जोडावा. आणि ज्या ताईचं तोंड महिनोन् महिने दुखतं पण ती काहीच मागत नाही, तिला पुढच्या बैठकीत आपण होऊन विचारा, "ताई, भाकर चावता येते का?"